उष्णता व दैनंदिन जीवन : जुन्नर–आंबेगाव परिसराचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत उष्णतेचे संक्रमण आणि तिच्यामुळे द्रव्यांत घडून येणारे फेरफार यांचा लोकांनी घर, चूल, भांडी व शेती यांसाठी करून घेतलेला उपयोग आणि त्याचा इतिहास. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे तीन प्रकारांनी जाते. तव्याचा दांडा तापतो तो वहनाने. आधणातील तळचे पाणी वर येते व वरचे खाली जाते ते अभिसरणाने. होळीपासून दहा हात दूर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडाला झळ लागते ती प्रारणाने. हे तीन प्रकार भौतिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतात. तथापि एखाद्या विशिष्ट भूप्रदेशातील लोकांनी त्यांच्याशी कसा व्यवहार केला, हा प्रश्न भौतिकीइतकाच इतिहासाचाही आहे. हाताशी असलेला दगड, माती, लाकूड व पाणी यांवर तो व्यवहार अवलंबून असतो आणि ही सामग्री बदलली की तोही बदलतो.

कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांचा हा प्रदेश पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यापासून सुरू होऊन पूर्वेस पठारावर उतरतो. कुकडनेर, मिन्नेर, घोडनेर ही या खोऱ्यांची जुनी नावे होत. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात पाऊस अतिशय, भातशेती मुख्य व वस्ती बहुतांशी महादेव कोळी व ठाकर या जमातींची. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो व बाजरी, ऊस, कांदा, द्राक्षे यांची शेती लागते. पन्नास-साठ किलोमीटरांच्या अंतरात हवामान इतके पालटत असल्याने घरबांधणीच्या व शेतीच्या निरनिराळ्या पद्धती येथे एकमेकींच्या शेजारी नांदताना दिसतात.

खडक व माती : या प्रदेशाचा पायाच मुळी थिजलेल्या उष्णतेचा आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून सु. १,१००° ते १,२००° से. तापमानाचा लाव्हा थरावर थर पसरत गेला व त्यापासून दख्खनचा काळा बेसाल्ट खडक बनला. या थरांच्या क्रमातील एका गटाला भूवैज्ञानिकांनी भीमाशंकराचेच नाव दिले आहे. थर निवताना पृष्ठभाग लवकर व गाभा सावकाश थंड झाला. त्यामुळे वरच्या भागात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि गाभ्यात घट्ट, बारीक कणांचा खडक तयार झाला. दोन थरांमध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. जुन्या पृष्ठभागावरील विदारित माती वरून आलेल्या लाव्ह्याने भाजली जाऊन असे पट्टे बनले, असे मानतात. अर्थात प्रत्येक पट्ट्याच्या बाबतीत भाजण्याचा वाटा सारखाच असेल असे नाही. निवण्याच्या वेगाने द्रव्याचे रूप किती बदलते याचा दुसरा दाखला कुकडीकाठी जुन्नर तालुक्यातील बोरी येथे मिळाला आहे. तेथील नदीगाळात ज्वालामुखी राखेचा थर असून तिचे कण काचेचे आहेत. ही राख दख्खनच्या लाव्ह्याची नव्हे. दूरच्या उद्रेकातून उडालेले वितळलेले द्रव्य हवेतच क्षणार्धात थिजल्याने स्फटिक बनण्यास अवधी मिळाला नाही. ती इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची असल्याचे मत मांडले गेले असून तिच्या वयाविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला आहे.

माणसाने उष्णता वापरून द्रव्य जाणीवपूर्वक बदलल्याचा या खोऱ्यांतील भक्कम पुरावा ताम्रपाषाणयुगीन आहे. घोड नदीकाठच्या चांडोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६० च्या सुमारास उत्खनन केले. तेथे जोर्वे परंपरेची मृद्‌भांडी मिळाली, त्याचप्रमाणे मुठीला शिंगांसारखी दोन टोके असलेला तांब्याचा खंजीरही मिळाला. तांबे सु. १,०८५° से. तापमानाला वितळते. उघड्या शेकोटीत हे तापमान येत नाही. त्यासाठी कोळसा व फुंकणी किंवा भाता लागतो. याच नदीच्या खालच्या अंगास शिरूर तालुक्यात असलेल्या इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात घरांच्या जमिनी, चुली व कुंभाराची भट्टी यांचे अवशेष उजेडात आले. मातीच्या भांड्याचे तापमान सु. ५०० ते ६०० अंशांच्या पुढे गेले की चिकणमातीच्या कणांत रासायनिक रीत्या बद्ध असलेले पाणी निघून जाते व मग ते भांडे पाण्यात कितीही भिजवले तरी त्याची पुन्हा माती होत नाही. भट्टीत हवा भरपूर असेल तर मातीतील लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन भांडे तांबडे होते. हवा कोंडली तर काळे होते. जोर्वे भांड्यांचा तांबूस रंग व वाजवल्यावर येणारा खणखणीत नाद पाहता त्या कुंभारांना आच व हवा या दोहोंवर ताबा मिळवता येत होता, यात शंका नाही.

पाण्याच्या माठासाठी मात्र भांडे फार पक्के भाजून चालत नाही. कुंभार मातीत राख व लीद मिसळतात. भाजताना लीद जळून जाते व भांड्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाझरणारे पाणी बाहेरच्या पृष्ठावर बाष्प होऊन उडते. एक ग्रॅम पाणी असे उडण्यास सु. ५८० कॅलरी उष्णता लागते व ती बव्हंशी आतल्या पाण्यातून घेतली जाते. माठातील पाण्याचा शंभरावा हिस्सा उडाला, तर उरलेले पाणी सिद्धांततः जवळजवळ सहा अंशांनी थंड व्हावे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहिल्याने इतका लाभ होत नाही. आषाढात हवाच पाण्याने भरलेली असल्याने हाच माठ निरुपयोगी होतो, आणि म्हणून डोंगरपट्ट्यापेक्षा पूर्वेकडील कोरड्या गावांत त्याची मातब्बरी अधिक.

लेणी : जुन्नरभोवतीच्या शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री इ. डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव दालने व पाण्याची कोरीव टाकी आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. तिसरे शतक असा धरतात. तेथील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे व कांस्यकार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. म्हणजे धातू वितळवून भांडी घडवणाऱ्यांचा संघटित वर्ग त्या काळी या नगरात होता.

लेण्यांतील गारव्याचे वर्णन प्रवासी नेहमी करतात, परंतु त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. घट्ट बेसाल्टातून दिवसा चढणारी व रात्री उतरणारी तापमानाची लहर आत शिरते तेव्हा सु. १५ सेंमी. खोलीवर तिचा पल्ला मूळच्या सु. ३७ टक्क्यांवर येतो, ४५ सेंमी.वर पाच टक्क्यांवर, आणि ७० सेंमी.च्या आत तो नाममात्र उरतो. वर्षभराची, म्हणजे उन्हाळा व हिवाळा यांची लहर याच्या सु. १९ पट खोल जाते. तरीही आठ-नऊ मीटरांपलीकडे तीही क्षीण झालेली असते. डोंगराच्या पोटात दहा-पंधरा मीटर शिरलेल्या दालनाच्या मागील भिंतीला म्हणून ना दुपार कळते ना ऋतू. तिचे तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. लेण्याद्रीच्या लेण्यांचे तोंड दक्षिणेस आहे. जुन्नरचा अक्षांश सु. १९.२° उत्तर असल्याने डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सु. ४७ अंशांवर दक्षिणेला असतो व त्याचे ऊन व्हरांड्यात शिरते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उलट माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो व दर्शनी भागावर त्याचे सरळ किरण पडत नाहीत. हे गणित करून भिक्षूंनी डोंगर निवडला असे म्हणण्यास आधार नाही. मानमोडी व शिवनेरी येथील लेणी निरनिराळ्या दिशांना तोंड करून आहेत. कोरण्याजोगा अखंड थर, वाट व पाणी यांना साहजिकच अग्रक्रम मिळाला असावा. पण एकदा कोरल्यावर खडकाने आपले काम केले, एवढे खरे. खडकात खोल कोरलेल्या टाक्यांतील पाणी ऐन वैशाखातही गार राहते त्याचे कारण हेच. शिवाय तोंड अरुंद ठेवल्याने त्याचे बाष्पीभवनही कमी होते.

चुना व धातूची भांडी : मध्ययुगात जुन्नर हे महत्त्वाचे ठाणे व हातकागदाचे केंद्र होते. या काळातील बांधकामास लागणारा चुना नदीकाठच्या चुनखडीचे खडे भट्टीत सु. ९००° से. पर्यंत भाजून काढत. भाजलेल्या खड्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो. त्यांवर पाणी ओतले की भट्टीत शोषलेल्या उष्णतेचा काही भाग परत मिळतो व चुना रटरटा उकळतो. पुढे घाणीत मळून भिंतीत भरलेला तोच चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून वर्षानुवर्षे पुन्हा दगड होत राहतो.

घरातील भांड्यांत तांबे व पितळ यांचे स्थान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अबाधित होते. तांब्याची उष्णता संवाहकता लोखंडाच्या सु. पाचपट व अगंज पोलादाच्या सु. पंचवीसपट असते. पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब हे उष्णताविज्ञानाच्या दृष्टीने वाड्यातील सर्वांत विचारपूर्वक घडवलेले साधन म्हणावे लागेल. मधल्या उभ्या नळीत विस्तव व तिच्याभोवती पाणी अशी त्याची रचना असल्याने धग चोहोबाजूंनी पाण्याला भिडते. नळीलगतचे पाणी तापून वर चढते व थंड पाणी तिची जागा घेते, आणि तीच नळी धुराड्याचे काम करून हवा खालून खेचते. स्वयंपाकाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आंबट पदार्थ लागू नयेत म्हणून कल्हई लावावी लागे. कल्हईवाला भांडे तापवून नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करतो व २३२° से.ला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने क्षणात आतून पसरतो. आच कमी पडली तर कथील पसरत नाही आणि जास्त झाली तर ते काळवंडते. स्टेनलेस स्टील आल्यावर कल्हईची गरज संपली. परंतु त्या भांड्यांत उष्णता आडवी पसरत नाही, ज्वाळेवरचा भाग तेवढा तापतो व तळाला दूध लागते. त्यांच्या बुडाला तांब्याचा मुलामा देण्याची पद्धत या दोषावरचा उपाय म्हणूनच आली.

भिंत व छप्पर : पूर्व भागातील जुनी घरे दगड-मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंतींची व काही ठिकाणी वर पांढऱ्या मातीचे माळवद घातलेली होती. ४५ सेंमी. जाडीच्या अशा भिंतीतून दुपारची तापमान-लहर आतल्या पृष्ठाला पोहोचण्यास दहा-बारा तास लागतात. दिवसभर घर थंड राहते ते यामुळे, आणि मध्यरात्रीनंतर भिंती ऊब सोडू लागतात तीही यामुळे. चैत्र-वैशाखात सारे घर ओट्यावर व अंगणात निजण्याचा प्रघात हा त्या भिंतीच्या गुणाचाच दुसरा भाग होय. जुन्या घरांची सरसकट स्तुती करणारे ही बाजू विसरतात.

पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात घराची तऱ्हा वेगळी. कारवीच्या किंवा बांबूच्या कामट्यांच्या कुडावर शेणमातीचा लेप देत आणि वर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे जाड छप्पर शाकारत. पेंढ्यात अडकलेली स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक असल्याने ऊन वरच्यावर अडते. चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर पडतो व जाताना पेंढ्याला कीड लागू देत नाही. तोटेही लहान नव्हते. दरवर्षी शाकारणी, त्यासाठी गवताचे भारे, आगीची भीती, आणि त्या धुरात जन्म काढणाऱ्या स्त्रियांचे डोळे व फुप्फुसे. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा पहिला कारखाना काढला व पुढील काही दशकांत मंगलोरी कौले पश्चिम भारतात सर्वत्र पसरली. भाजलेल्या मातीचे कौल ऊन काहीसे अडवते, पावसात पाणी शोषून नंतर बाष्पीभवनाने थंड होते व दोन कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. त्यानंतर आला पत्रा.

पन्हळी पत्र्याचा शोध इंग्लंडमध्ये १८२९ साली लागला, परंतु या तालुक्यांतील सामान्य घरांवर तो गेल्या दोन पिढ्यांतच मोठ्या प्रमाणावर चढला. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा उष्णतेला अडथळा म्हणून जवळजवळ नसल्यासारखाच असतो. मे महिन्याच्या दुपारी त्याचे तापमान ६०° से.च्या वर जाते व तो खाली बसलेल्या माणसावर प्रारण सोडतो. खोलीतील हवा फारशी तापलेली नसली तरी डोके तापते ते या प्रारणाने. नवा, चकचकीत जस्ताचा पत्रा स्वतः प्रारण कमी सोडतो. गंज व काजळी धरलेला जुना पत्रा कितीतरी अधिक सोडतो. म्हणजे घर जुने होत जाते तशी त्याची झळ वाढते. हिवाळ्याच्या स्वच्छ रात्री तोच पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे आतल्या अंगाने दव ठिबकते. असे असूनही लोकांनी पत्रा पत्करला. तो एकदा घातला की वर्षानुवर्षे पाहावा लागत नाही, वाऱ्या-पावसात टिकतो, आग धरत नाही आणि गवत राखण्याचे, कापण्याचे व वाहण्याचे श्रम वाचवतो. या निवडीला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. पत्रा पोहोचवणाऱ्यांनी त्याखाली बांबूची चटई, पेंढ्याचा थर किंवा वर चुन्याची सफेदी सुचवली नाही, हा दोष मात्र त्यांचा आहे. सिमेंटच्या दहा-बारा सेंमी. जाडीच्या स्लॅबची अडचण वेगळी. तिच्यातून उष्णता तीन-चार तासांत खाली येते, म्हणजे दुपारचे ऊन ऐन संध्याकाळी, माणसे घरी परतल्यावर, खोलीत उतरते.

गुऱ्हाळ, बराख व द्राक्षबाग : पूर्व भागातील शेतीमालाशीही उष्णतेचा निकटचा संबंध आहे. गुऱ्हाळात चुलवणावरील काहिलीत उसाचा रस आटवून सु. ११८° से. तापमानाला गूळ उतरवतात. एक किलोग्रॅम गुळामागे साधारण चार किलोग्रॅम पाणी उडवावे लागते. पाणी नुसते तापवून उकळीपर्यंत आणण्यापेक्षा त्याची वाफ करण्यास सहा-सातपट उष्णता खर्च होते व काहिलीवरून उठणाऱ्या वाफेबरोबर ती सर्व हवेत जाते. साखर कारखान्यात एका भांड्यातील वाफेने कमी दाबाखालील दुसरे भांडे व त्याच्या वाफेने तिसरे भांडे उकळतात. नॉर्बर्ट रिल्यू याने १८४० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आणलेल्या या बहुपरिणामी बाष्पनकामुळे एकाच उष्णतेचे काम अनेकदा होते. आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर व जुन्नर तालुक्यातील विघ्नहर हे सहकारी कारखाने याच तत्त्वावर चालतात.

कांदा काढल्यावरही श्वसन करीत असतो व त्यातून उष्णता व ओलावा बाहेर पडतो. ढीग रुंद झाला की मधली उष्णता बाहेर येत नाही व कांदा सडतो. कांद्याची बराख म्हणून अरुंद, जमिनीपासून उचललेली व बाजूंनी झिरझिरीत ठेवतात. खालून आलेली हवा तापत वर जाते आणि तिला वाट मिळाली की माल टिकतो. नारायणगावच्या आसपासच्या द्राक्षबागांत याच्या उलट चिंता असते. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आकाशाकडे प्रारणाने उष्णता गमावते व पहाटे मणी तडकण्याची भीती निर्माण होते. तेव्हा बागायतदार शेकोट्या पेटवतात व बागेला पाणी देतात. शेकोटीच्या धुराचा पांघरुणासारखा उपयोग होतो अशी समजूत आहे. पण धुरापेक्षा तिच्या धगीने वर-खाली होणारी हवा व विहिरीचे कोमट पाणी यांचाच लाभ अधिक.

राब : उष्णतेचा सर्वांत जुना आणि सर्वाधिक वादग्रस्त ठरलेला शेतीतील उपयोग पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात आहे. भात, नाचणी व वरई यांची रोपे तयार करण्यापूर्वी वाफ्याची जमीन भाजण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेवर शेण किंवा गोवऱ्या, त्यांवर ऐनासारख्या झाडांचे वाळलेले टहाळे, त्यांवर पालापाचोळा व गवत असे थर रचून शेवटी बारीक मातीचा पातळ थर देतात. चैत्र-वैशाखात हा राब ज्या दिशेकडे वारा वाहत असतो त्या बाजूने पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकते.

या प्रत्येक कृतीला अर्थ आहे. वाऱ्याबरोबर धावणारी आग उंच ज्वाळांनी हवेला तापवून काही मिनिटांत संपली असती. वाऱ्याविरुद्ध सरकणारी व मातीने झाकलेली आग कमी हवेत धुमसत राहते. कोरड्या मातीची उष्णता संवाहकता घट्ट बेसाल्टाच्या पाव हिश्श्याहूनही कमी असते. दोन-तीन तासांच्या आगीची उष्णता तिच्यातून सु. पाच सेंमी.पर्यंतच परिणामकारक रीतीने उतरते. तणांचे रुजण्याजोगे बी बहुतांशी याच थरात असते आणि ते मरते. भाताचे नाजूक रोप त्यामुळे पहिले तीन-चार आठवडे स्पर्धेवाचून वाढते. पावसाच्या झडीत सतत वाकून तण काढण्याचे काम वाचते, हा लाभ रोपाच्या पोषणाइतकाच मोलाचा आहे.

ब्रिटिश अमदानीत वनखाते स्थिरावल्यावर व १८७८ चा वन कायदा लागू झाल्यावर राबासाठी फांद्या छाटण्यावर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध असंतोष माजून मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याच्या १८८७ च्या अहवालात राबाचा प्रश्न महत्त्वाचा होता. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने ही जंगलाची नासाडी होती. राखेतील खत तेवढे हवे असेल तर ते दुसऱ्या मार्गाने देता येईल, असाही एक युक्तिवाद होता. भारतीय शेतीच्या पाहणीसाठी आलेले रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात राबाची चर्चा केली आहे; सरपण नाही म्हणून शेतकरी शेण जाळतो हे ओळखून सरपण व चारा यांसाठी राखीव क्षेत्रे तयार करावीत, असा त्यांचा आग्रह होता.

प्रश्न खरा असा होता की राबाचा गुण राखेत आहे की आचेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी ना. वि. जोशी व ना. वि. कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातील राब पद्धतीचा रासायनिक अभ्यास करून तो १९१२ मध्ये शासकीय कृषी स्मरणिकांच्या मालिकेत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीत काही काळाने अमोनिया अधिक साठतो व पीक जोमाने वाढते, असे दाखवून दिले होते. त्यांनी दिलेली कारणमीमांसा पुढे टिकली नाही, परंतु निरीक्षण टिकले. उष्णतेने मातीतील सेंद्रिय नायट्रोजनाचे वनस्पतींना घेता येईल अशा रूपात परिवर्तन होते, सूक्ष्मजीवांचा समतोल बदलतो व चिकण माती भुसभुशीत होते. राखेतील पालाश व चुना यांची भर वेगळी. म्हणजे राबाऐवजी नुसते खत किंवा राख टाका, हा सल्ला अपुरा होता. डोंगरातील शेतकरी जे भाजत होता ते केवळ पाला नसून जमीन होती.

यावरून राब निर्दोष ठरतो असे नाही. झाडे वारंवार छाटली जाऊन खुरटतात, शेण शेतात न जाता जळते व पृष्ठभागातील नायट्रोजनाचा काही भाग धुराबरोबर नाहीसा होतो. लोकसंख्या थोडी व रान मोठे असताना हे सोसले. पुढे तसे राहिले नाही. घोड नदीवरील डिंभे धरणाने जुने आंबेगाव व आसपासची खोऱ्यातील जमीन पाण्याखाली गेली आणि शेती आणखी वर, उतारावर सरकली. १९८५ मध्ये शेकरूच्या संरक्षणासाठी सु. १३१ चौ. किमी. क्षेत्राचे भीमाशंकर अभयारण्य घोषित झाल्यावर त्यातील गावांना टहाळे तोडणे आणखी अवघड झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे वनावरील पारंपरिक हक्क मान्य केले, तरी अभयारण्यातील तोडीचा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटला नाही.

पर्याय सुचवण्यात आले. १९५० नंतरच्या दशकात भाताच्या जपानी पद्धतीबरोबर गादीवाफ्यांचा प्रचार झाला. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. तीतील सिलिकेमुळे रोप कणखर होते व जंगलातील फांदीची गरज राहत नाही. मात्र राखेने तण मरत नाही. तण मारण्यासाठी आगीऐवजी सूर्याची उष्णता वापरण्याची रीत इझ्राएलमध्ये याकोव्ह कातान व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली व तिला मृदा सौरीकरण म्हणतात. वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद चार-सहा आठवडे ताणून ठेवतात. सूर्यप्रकाश त्यातून आत जातो, बाष्पीभवनाने होणारी उष्णतेची हानी थांबते व वरच्या पाच सेंमी. थराचे तापमान दुपारी ५०° से. किंवा त्याहून वर चढते. काळा कागद येथे कमी उपयोगी पडतो, कारण ऊन तोच शोषून घेतो व त्यातील बरेचसे हवेला देऊन टाकतो. राबाच्या आगीच्या मानाने हे तापमान फारच कमी आहे. ते परिणामकारक होते ते दीर्घ काळामुळे आणि ओलाव्यामुळे. ओल्या मातीतून उष्णता अधिक सुलभपणे खाली जाते व भिजलेले, फुगलेले बी कोरड्या बियापेक्षा कमी आचेत मरते.

सौरीकरणास लागणारे ऊन एप्रिल-मेमध्ये आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात मुबलक असते. पण त्याच दिवसांत तेथील झरे व विहिरी आटलेल्या असतात, पावसाळ्यात पडलेले पाणी कधीच खोऱ्यातून खाली गेलेले असते व अनेक वाड्यांवर पिण्याचे पाणी दूरवरून आणावे लागते. वाफा भिजवण्यासाठी लागणारे पाणी स्त्रियांना डोक्यावरून वाहून आणावे लागणार असेल, तर राब भाजणेच सोयीचे ठरते. ज्या गावांत उन्हाळ्यात पाणी टिकते तेथे हा प्रयोग करून पाहणे सोपे आहे. उरलेल्या ठिकाणी वैशाखात उतारांवर राबाचा धूर दिसतो.